वास ओळखणारी हिरवी काच

मला वास येत नाही. सर्दीमुळे नाही, कायमचाच येत नाही. तिसरीत असताना मी खोडाळ्याजवळच्या आमच्या गावात आंब्याच्या झाडावरून पडले आणि डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. जव्हारच्या दवाखान्यात दोन-चार दिवस काढून घरी आले तेव्हा हातपाय धड होते आणि बोलणंही जागेवर होतं. घरात सुकट भाजत होती, आणि मी आईला विचारलं, "आज जेवायला काय आहे?"

आई म्हणाली, "गल्लीच्या टोकाला वास जातोय नि तू इचारतेस काय हाय?"

तेव्हा कळलं. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्यांना कोणतीही गोष्ट तपासून पाहिल्याशिवाय पटत नसे. त्यांनी माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि एकेक वस्तू नाकाखाली धरली. रॉकेल, लसूण, मोहाची फुलं, जुनं खोबरेल. मला काहीच कळेना. कांदा मात्र ओळखला, कारण डोळ्यांना पाणी आलं. बाबा खूश झाले. मग म्हणाले, "हे नाकाचं काम नाही, डोळ्याचं आहे," आणि टॉवेल सोडला.

वास नसल्याने जेवणातली चव पुष्कळशी जाते. खारट, आंबट, तिखट एवढं उरतं. नागलीच्या भाकरीला चव असते असं लोक म्हणतात, मी ते ऐकून मान्य केलेलं आहे. पण मला दुःखापेक्षा कुतूहल जास्त वाटायचं. आजूबाजूची सगळी माणसं हवेतून काहीतरी ओळखत होती. समोर नसलेल्या वस्तूबद्दल खात्रीने बोलत होती. ते नेमकं काय असतं, हे मी कुणालाही विचारत सुटायचे. शाळेतल्या मैत्रिणी सांगायच्या, "वास म्हणजे वास. कसा सांगणार?"

पुढे जव्हारच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये क्षार ओळखायला नाक लागायचं. परीक्षानळी तापवायची, हाताने वाफ नाकाकडे ढकलायची आणि सांगायचं: व्हिनेगरसारखा वास, किंवा सडक्या अंड्याचा, किंवा अमोनियाचा उग्र. अमोनिया जास्त असला की माझ्या नाकात टोचायचं, कांद्यासारखंच. थोडा असला तर पत्ता नसायचा.

एके दिवशी मी टेबलापाशी बसून निरीक्षणं उतरवत होते. मान वर केली तर प्रयोगशाळा रिकामी. दारातून आमचे रसायनाचे सर ओरडत होते, "अगं, बाहेर ये! आधी बाहेर ये!" सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू बनवायचं काचेचं उपकरण गळत होतं. पोरं नाक धरून कधीच पळाली होती. तो वायू विषारी असतो.

व्हरांड्यात सरांनी विचारलं, "तुला कळलं नाही?"

"सर, मला वासच येत नाही."

मला वाटलं, आता विषय बदलायला सांगतील. पण ते आत गेले, खिडक्या उघडल्या आणि गाळणकागदाची एक पट्टी शिशाच्या द्रावणात बुडवून घेऊन आले. ती त्यांनी टाचणीने माझ्या ॲप्रनला लावली. "हा वायू आला की कागद काळा पडतो. नाक नाही तर नाही, डोळे आहेत ना?" बघता बघता पट्टीची कड तपकिरी झाली आणि मग काळी. व्हरांड्यात उभ्या असलेल्या कुणालाही तेव्हा वास येत नव्हता. मी दोघातिघांना विचारून खात्री केली.

हवेतली गोष्ट रंगात उतरते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मुंबईला एम.एस्सी. करतानाही ते डोक्यात होतं. परत येऊन त्याच कॉलेजात शिकवायला लागले तरी डोक्यातून गेलं नाही.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी मी संशोधनाला नाव नोंदवलं, विषय रंगावरून वाफ ओळखणं. सुट्ट्यांमध्ये मुंबईला जायचं आणि उरलेलं काम जव्हारला करायचं, असा बेत होता. माझ्या गाइड मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "हाच विषय का?" मी कारण सांगितलं. त्या हसल्या नाहीत की हळहळल्या नाहीत. म्हणाल्या, "चांगलं आहे. तुम्ही स्वतःच्या नाकावर विसंबून चूक करणार नाही."

त्यांनी मला जो पदार्थ दिला त्याचं नाव पॉलिॲनिलीन. कार्बनी पदार्थ, प्लॅस्टिकच्याच नात्यातला, पण रंगीत. अमोनियाची वाफ लागली की हिरव्याचा निळा होतो, आणि आम्लाची वाफ दाखवली की परत हिरवा. हे जुनंच होतं. नवीन होतं ते त्याचे बारीक तंतू बनवणं. काचेच्या भांड्यात खाली आम्लाचं पाणी, वर त्यात न मिसळणारा द्रव. दोन्हीत थोडंथोडं रसायन. हलवायचं नाही. थोड्या वेळाने दोन थरांच्या सीमेवर हिरवी रेघ उमटते आणि ती रेघ खालच्या पाण्यात धुरासारखी उतरू लागते. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा जेवायला जायचं विसरले.

मोठ्या सूक्ष्मदर्शकातून काढलेला त्याचा फोटो मॅडमनी दाखवला. मळणीनंतर अंगणात पेंढा विस्कटून पडावा तसे तंतू, फक्त एकेक तंतू केसाच्या हजाराव्या भागाइतका. 'नॅनो' हा शब्द तेव्हा नवा होता आणि लोक तो जपून उच्चारत. मॅडम एवढंच म्हणाल्या, "जाड थरात वाफ वरवरच अडकते. पेंढ्यातून वारा कसा सगळीकडे जातो, तसं हे. म्हणून लवकर रंग बदलतो."

जव्हारला मी हे तंतू काचपट्टीवर पसरून वाळवले. पातळ हिरवा थर बसला. पण डोळ्याला निळा दिसेपर्यंत वाट पाहायची तर वाफ बरीच लागे. त्याआधीचा बारीक बदल कळायला हवा होता. ते काम आमच्या फिजिक्सच्या सरांनी अंगावर घेतलं. ते माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, बिघडलेले रेडिओ गोळा करणारे आणि कुणी नवीन काही सांगितलं की खुर्ची पुढे ओढणारे.

"हिरव्याचा निळा होताना काय होतं सांगा," ते म्हणाले.

"निळा थर लाल उजेड गिळतो. हिरवा त्या मानाने कमी गिळतो."

"मग झालं की! लाल दिवा लावू. पलीकडे किती उजेड पोचतो ते मोजू."

त्यांनी चहापत्तीचा पत्र्याचा डबा घेतला आणि आतून काळा रंगवला. एका बाजूला लाल एलईडी, समोर उजेड ओळखणारा छोटा घटक, मध्ये काच अडकवायला खाच, खाली हवा आत यायला भोकं. वायरी बाहेर काढून काट्याच्या मीटरला जोडल्या. सगळं बॅटरीवर, कारण जव्हारच्या विजेचा भरवसा नव्हता. अमोनियाची बाटली दूरच्या टेबलावर उघडून लगेच बंद केली. मला काही जाणवलं नाही. काटा सरकला.

"मला आता कुठे वास यायला लागलाय," सर म्हणाले. "तुमचा डबा माझ्या आधी बोलला, मॅडम."

त्या वर्षी डिसेंबरात मी डबा घेऊन घरी गेले. जीपमध्ये मांडीवर धरला होता. शेजारच्या बाईंनी डब्याकडे पाहून विचारलं, "चहा जव्हारहून नेता? खोडाळ्यात मिळत नाय?"

आईला सगळं समजावून सांगितलं. बाबा तोवर गेले होते आणि घरात ती एकटी शेळ्या सांभाळून राहत होती. तिने हात पुसले, डब्यासमोर मांडी घातली आणि वस्तू आणायला लागली. सुकट ठेवली. काटा हलला, अगदी थोडा. लसूण, काहीच नाही. रॉकेल, काहीच नाही. मोहाची सुकी फुलं, काहीच नाही. चुलीवरच्या भाताची वाफ, थोडासा हलून परत जागेवर. मग ती उठली आणि शेळीच्या मुतात भिजलेलं चिपाड घेऊन आली. काटा सपाट्याने खाली गेला.

आई हसत सुटली. "मुंबयला जाऊन येवढं शिकलीस नि याला वास येतो तो कशाचा? मुताचा!"

"अगं, सुरुवात आहे ही."

"भाताचा येवढा वास सुटलाय, त्यो कळत नाय त्याला?"

"नाही. याला एकच कळतो."

"मंग तुझ्यापरीस बरा," ती म्हणाली, आणि डब्यावरची धूळ पदराने पुसली.

त्या दिवसांत घरी एक काळजी होती. शेळ्यांना नुकतीच करडं झाली होती आणि करडं खोकत होती. डोळ्यांतून पाणी, नाकं भरलेली. एक तर उभंच राहत नव्हतं. आईचं म्हणणं, थंडी बाधली. खोडाळ्याकडची डिसेंबरची थंडी खरोखर वाईट. म्हणून तिने गोठ्याच्या कारवीच्या भिंतीला बाहेरून प्लास्टिकचा कागद बांधला होता आणि वरच्या फटीत पोती कोंबली होती. जमीन ओली राहू नये म्हणून रोज चुलीतली राख पसरत होती. तरी करडं खालावतच होती.

डबा हातात होता म्हणून मी गोठ्यात गेले, दुसरं काही कारण नव्हतं. दारात उभी राहिले तर काटा थोडा खाली आला. करडं पाहायला खाली बसले आणि डबाही खाली आला. काटा घसरत गेला, थांबेचना. काच बाहेर काढून उन्हात धरली. तिला डोळ्यांना दिसेल इतका निळा रंग चढला होता.

मी आईला हाक मारली. "तुला इथे वास येतोय का?"

"शेळ्यांचा येतो तसा येतो."

"उग्र? डोळ्यांना झोंबणारा?"

तिने श्वास ओढला. "नाय बा."

माझी पहिली शंका माझ्याच डब्यावर होती. हा पदार्थ दमटपणानेही थोडा बदलतो, हे मला माहीत होतं. गोठा दमट होताच. मी काच सोबत आणलेल्या बाटलीतल्या आम्लाच्या वाफेवर धरून पुन्हा हिरवी केली आणि डबा न्हाणीत, गरम पाण्याच्या हंड्याशेजारी ठेवला. काटा जरा हलला आणि थांबला. काच हिरवीच. मग पुन्हा गोठ्यात, करडांच्या तोंडाच्या उंचीवर. पुन्हा निळी.

आई हे सगळं दारातून पाहत होती. तिला खाली जाऊन नागलीचं खळं आवरायचं होतं, म्हणून ती गेली. दुपारी परतली ती थेट गोठ्यात शिरली आणि उंबऱ्यातच थबकली.

"अगं बाय! खरंच की. डोळं झोंबतायत."

"सकाळी नव्हते झोंबत?"

"सकाळी मी उठल्यापास्न आतच होते ना. नाकाला सवय झाली आसल." मग ती खाली बसली, करडाच्या तोंडाशी तोंड नेलं आणि झटकन मागं आली. "हिथं लई हाय."

माझा विचार तोवर राखेवर जाऊन अडकला होता. प्रयोगशाळेत अमोनिया ओळखायचा तर क्षारात अल्कली घालून तापवायचा, हे मी दरवर्षी मुलांना शिकवत होते. राखेतही अल्कली असते. मुताने भिजलेल्या मातीवर राख टाकणं म्हणजे तोच प्रयोग पायाखाली मांडण्यासारखं. पण हे मी आईला सांगितल्यावर तिला पटेना. तिच्या आईनेही गोठ्यात राखच टाकली होती.

"राखेनं जमीन कोरडी ऱ्हाते. मी बघते ना रोज."

"कोरडी राहते. पण वाफ जास्त सुटत असेल."

"आसल म्हणजे? लावून बघ की तुझा डबा."

हे माझ्या आधी तिला सुचलं. तिनेच दोन जुनी पातेली आणली. गोठ्यातली ओली माती दोन्हीत सारखी भरली. एकात राख मिसळली, दुसऱ्यात भाताचा तूस. वर ताटं झाकली आणि ती चुलीपासून लांब, सावलीत ठेवली. चहा होईपर्यंत थांबलो. तुसाचं ताट सरकवून डबा धरला. काटा सावकाश खाली आला आणि मध्येच अडखळला. काच हिरवी करून घेतली. मग राखेचं ताट सरकवलं. काटा पार तळाला गेला, आणि मला त्या वाफेचं टोचणंही जाणवलं.

आईने पातेल्यांची जागा बदलली, पुन्हा झाकण ठेवलं आणि म्हणाली, "परत एकदा." दुसऱ्या वेळी काटा ज्या पातेल्यावर पडला त्यावरचं ताट तिने स्वतः उचलून पाहिलं. राखच होती.

त्याच संध्याकाळी आम्ही गोठ्यातली वरची माती खरवडून काढली आणि तुसाचा थर घातला. छपराखालच्या फटीतली पोती काढली. खालचा प्लास्टिकचा कागद मात्र ठेवला, म्हणजे करडांना वारा लागणार नाही पण वाफ वरून निघून जाईल. राख परसातल्या वेलांना गेली. उभं न राहणारं करडू दुसऱ्या दिवशी मेलं. आईने त्याला परसाच्या कडेला पुरलं. बाकीच्यांचे डोळे हळूहळू कोरडे झाले. मी निघेपर्यंत ती करडं दारात उड्या मारायला लागली होती.

डब्याने करडं वाचवली असं मी म्हणणार नाही. त्या आठवड्यात थंडीही थोडी ओसरली होती. मुंबईला मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला: "थंडी कमी झाल्यामुळे नाही कशावरून?" मी म्हटलं, सांगता येत नाही, पण पातेल्यांचं सांगता येतं. त्यांनी पातेल्यांबद्दल तपशीलवार विचारलं. माती किती, ताट किती घट्ट, दोन्ही पातेल्यांवर ऊन सारखं होतं का. शेवटी म्हणाल्या, "पातेल्यांची जागा बदलायची कल्पना कुणाची?"

"आईची."

"त्यांना सांगा, चांगली कल्पना होती."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग? तू लबाडी करतेस का बघत होते."

नंतरची काही वर्षं मी एका काचेऐवजी अनेक काचा वापरायला लागले. वेगवेगळे कार्बनी रंग, वेगवेगळ्या वाफांना जरा जरा वेगळे बदलणारे. एकट्या काचेवरून काही ठरत नाही. सगळ्यांचा मिळून एक नमुना बनतो आणि तो नमुना ओळखायचा. पावसाळ्यात हे काम बंदच पडायचं. जव्हारच्या त्या धुक्यात सगळ्या काचा एकच उत्तर द्यायच्या: पाणी. मोखाड्याच्या बाजारातून आणलेले सुके बोंबील, पिकून उतरलेली फळं, नुकताच दिलेला ऑइलपेंट, सगळं फिजिक्सच्या सरांच्या नव्या, मोठ्या डब्यापुढून गेलं. सर प्रत्येक वेळी आधी स्वतः हुंगायचे आणि मला वर्णन करून सांगायचे. त्यांची वर्णनं फार कामाची नसत. "पेरू," ते म्हणायचे, "अगदी पेरूसारखा." समोर पेरूच असायचा.

एका दिवाळीच्या सुट्टीत मात्र गंमत झाली, आणि तिचं उत्तर आजवर मिळालेलं नाही. कॉलेज बंद होतं. मी जांभळ्या रंगाच्या चार काचा प्रयोगशाळेच्या खिडकीत वाळत ठेवून घरी गेले. तो रंग आम्लाच्या वाफेने हिरवा होतो. परत आले तर चारांतली एकच काच हिरवी होती, शेजारच्या तिन्ही जशाच्या तशा. आम्लाच्या बाटल्या कपाटात बंद होत्या, कपाटाला कुलूप होतं. आम्ही खिडकीची चौकट पुसून तपासली, भिंतीचा चुना तपासला, काचेची मागची बाजू तपासली. सरांनी ऑफिसातल्या लोकांना एकेक करून आत बोलावलं आणि विचारलं, "इथे कसला वास येतोय?" एकाला ओल्या भिंतीचा आला, एकाला फिनेलचा, एकाला काहीच नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" सरांनी मला विचारलं.

"मला विचारता?"

"तुम्हालाच. इथे अंदाज न करणाऱ्या तुम्ही एकट्या आहात."

आम्ही त्याच जागेवर नवी काच ठेवली. ती बदलली नाही. खिडकी उघडून आणखी एक ठेवली, तीही नाही. मग सर म्हणाले, सुट्टीत खिडकी बंद होती, बंदच करू. खिडकी बंद केली, पुन्हा एक नवी काच ठेवली आणि दोघं खुर्च्या ओढून समोर बसलो.